तेरावीला मुंबई कशाला?

जूनमधला रविवार होता. रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या सभागृहात मुंबईकर मंडळाने बारावीच्या मुलांचा सत्कार ठेवला होता. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की माईक असूनही वक्त्याला ओरडून बोलावं लागत होतं. पुढच्या बाकांवर अकरा मुलं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर सहा वह्या, एक छत्री आणि गुलाबाचं फूल. प्रमुख पाहुणे त्याच गावचे. तीस वर्षांपूर्वी मुंबईला गेलेले, स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले. त्यांनी वीस मिनिटांत एकच गोष्ट सांगितली: बाहेर पडा. इथली मोठी माणसं बाहेर पडली म्हणून मोठी झाली. कॉलेज नावाचंच हवं. स्पर्धेत उतरल्याशिवाय माणूस घडत नाही. आणि एकदा गेलात की मागे वळून बघू नका. "इथं राहून काय करणार? आंब्याच्या पेट्या भरणार?" या वाक्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. पुढच्या बाकावरच्या अकरांपैकी निम्म्यांचे आईवडील आंब्याच्या पेट्या भरूनच त्यांना शिकवत होते.

मला तिथे बोलायला मिळालं नाही. त्या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आदर आहे. वह्या-छत्र्यांचा खर्च दरवर्षी तेच करतात आणि मुलांचं भलं व्हावं ही त्यांची इच्छा खरी आहे. पण मी सत्तावीस वर्षं पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवते आहे. हा सल्ला ऐकून गेलेली मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांतली काही परत आलेलीही पाहिली आहेत. तो सल्ला त्या रूपात चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि जून महिन्यात गावोगाव तो दिला जातो म्हणून त्याचं उत्तर जाहीरपणेच द्यायला हवं.

थोर माणसांपासून सुरुवात करते, कारण प्रत्येक भाषणात त्यांचीच साक्ष काढली जाते. टिळक रत्नागिरीचे, म्हणून त्यांचं नाव पहिलं. टिळक १८५६ साली इथे जन्मले आणि दहाव्या वर्षी पुण्याला गेले, हे खरं. पण ते गेले कारण वडिलांची पुण्याला बदली झाली. सरकारी शिक्षण खात्यातल्या माणसाचं बिऱ्हाड जिथे जाईल तिथे मुलगा जाणार. यात 'बाहेर पडण्याचा' निर्णय कुठे आहे? त्यांच्या आयुष्यातून पहिल्या वर्षाच्या मुलाला शिकण्यासारखं काही असेल तर ते पुढचं आहे. १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांनी ओळखलं की आपली प्रकृती तोळामासा आहे, आणि पहिलं वर्ष त्यांनी मुख्यतः व्यायामाला दिलं. अभ्यास मागे पडला. त्यांनी तो नंतर भरून काढला आणि पदवी पहिल्या वर्गात मिळवली. ज्याला पहिल्या वर्षी स्वतःकडे बघायला उसंत मिळाली असा हा मुलगा होता. आज आपण आपल्या मुलांना ती उसंत देतो का, हा प्रश्न त्या व्यासपीठावर कुणी विचारत नाही.

दुसरं नाव धोंडो केशव कर्व्यांचं. मुरूडचा हा मुलगा १८७५ साली परीक्षा द्यायला भर पावसात कुंभार्ली घाटाने साताऱ्याला चालत गेला, आणि वय कमी दिसतं म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला त्यात दुसरं काही दिसतं. मुरूडच्या मुलाला एक साधी परीक्षा द्यायला सह्याद्री ओलांडावा लागत होता, कारण जवळ सोयच नव्हती. कर्वे पुढे मुंबईला गेले, १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. मुर्डीचे रघुनाथ परांजपे पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले, तिथून केंब्रिजला, आणि १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे, झाले. चिपळूणजवळच्या पेढ्याचे पांडुरंग वामन काणे मुंबईला गेले. या सगळ्यांनी आपला जिल्हा सोडला, कारण या जिल्ह्यात कॉलेज नव्हतं. रत्नागिरीत पहिलं कॉलेज निघालं १९४५ साली, आजचं गोगटे-जोगळेकर. त्याआधी पदवी घ्यायची म्हणजे जावंच लागे. नाइलाजाला आपण आता गुण म्हणून डोक्यावर घेतो आहोत. आणि काण्यांचं नाव घेणाऱ्यांनी हेही सांगावं की एम.ए. झाल्यावर त्यांनी काही वर्षं रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात मुलांना शिकवलं. पुढे भारतरत्न झालेला विद्वान ज्या गावात मास्तर होता, त्या गावात राहून काही होत नाही असं त्याच गावच्या मुलांना सांगायचं?

मग हा सल्ला आला कुठून? माझ्या मते तो शिक्षणातून आलेलाच नाही, तो गिरणीतून आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत राबायला सर्वांत जास्त माणसं गेली ती जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून. कातळावरची नाचणी-वरी वर्षभर पुरत नव्हती. घरातला एक मुलगा मुंबईला गेला की दर महिन्याला मनीऑर्डर येई आणि चूल पेटे. त्या काळात 'मुंबईला जा' हे वाक्य पोटातून येत होतं आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. गिरण्या गेल्या, रेल्वे आली, जिल्ह्यात कॉलेजं झाली, पण वाक्य तसंच राहिलं. फक्त 'कामाला' या शब्दाच्या जागी 'शिकायला' हा शब्द बसला. या जुन्या स्थलांतराची एक बाजू आपण पार विसरलो आहोत, तिच्याकडे मी परत येणार आहे.

'नावाचं कॉलेज' या मुद्द्यात थोडं खरं आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. आधी साधी गोष्ट: रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. वर्षानुवर्षं चर्चगेटच्या मुलानं आणि रत्नागिरीच्या मुलानं एकच अभ्यासक्रम शिकला, एकच प्रश्नपत्रिका सोडवली, आणि दोघांच्या पदवीपत्रावर एकच शिक्का आला. आता काही कॉलेजं स्वायत्त झाली आहेत, इथलं गोगटे-जोगळेकरही त्यांत आहे. ती आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते. तेव्हा नाव म्हणजे पदवी असं समजणाऱ्यांनी पदवीपत्र एकदा वाचून पाहावं.

पण नोकरी देणारा पदवीपत्र वाचत नाही, कॉलेजचं नाव वाचतो, असं पाहुणे म्हणतील. याची तपासणी अमेरिकेत झाली आहे. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या मुलांची जवळपास वीस वर्षांनंतरची कमाई त्यांनी पाहिली. ज्या मुलांचे अर्ज आणि निवडी सारख्या तोलाच्या होत्या, त्यांच्यातली काही नामांकित कॉलेजात गेली, काही साध्या. पुढे दोघांच्या कमाईत फारसा फरक पडला नाही. मोठ्या नावाच्या कॉलेजातली मुलं जास्त कमावतात ती बरीचशी आधीपासूनच तशी असतात म्हणून. पण या अभ्यासातली पुढची ओळ माझ्या बाजूची नाही, आणि ती लपवणं मला शोभणार नाही: गरीब घरांतून आलेल्या मुलांना नामांकित कॉलेजचा फायदा खरोखर झाला. ज्यांच्या घरी ओळखीपाळखी नाहीत त्यांना त्या कॉलेजने ओळखी दिल्या.

अमेरिकेतलं कॉलेज आणि मुंबईतलं कॉलेज यांत अंतर पुष्कळ आहे. तरी ही ओळ मी मान्य करते, आणि मान्य करून पाहुण्यांना विचारते, की मग आपल्या जिल्ह्यातून बाहेर कोण जातं? ज्याच्या बापाचं रत्नागिरीत माळनाक्यावर दुकान आहे, ज्याचे दोन काका ठाण्यात आहेत, तो. ज्या मुलीला त्या ओळखींची खरी गरज आहे ती शेतमजुराची मुलगी सत्काराच्या बाकावर बसून 'बाहेर पडा' ऐकते आणि फूल घेऊन घरी जाते. तुमचा सल्ला ज्यांच्या उपयोगाचा आहे त्यांना परवडत नाही, आणि ज्यांना परवडतो त्यांना त्याचा तेवढा उपयोग नाही.

आणि गेलेल्याचं रोजचं जगणं काय असतं? वसतिगृहात जागा मिळणं कठीण, म्हणून बहुतेकजण नातेवाईकांकडे किंवा कॉट बेसिसवर राहतात. डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला राहून दक्षिण मुंबईतलं कॉलेज गाठायचं, तर दारापासून दारापर्यंत जाता-येता तीन तास कुठे गेले नाहीत. वर्षाला शिकवण्याचे १८० दिवस धरा. ५४० तास झाले. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षाला साधारण ४४ क्रेडिट असतात, आणि तासिकांच्या एका क्रेडिटला १५ तास. म्हणजे सगळी क्रेडिट तासिकांचीच धरली तरी वर्षभरात वर्गात बसायचं ६६० तास. त्यातल्या ३६ क्रेडिटांइतका वेळ मुलगा लोकलच्या गर्दीत उभा असतो. त्याच्या मार्कलिस्टवर त्याचा एक क्रेडिटही येत नाही. रत्नागिरीजवळच्या नाचणे गावातून वीस मिनिटांत कॉलेजात पोचणाऱ्या मुलीकडे त्यातले चारशेहून जास्त तास आहेत. ती त्यांचं काय करते हा तिचा प्रश्न आहे, पण तिच्याकडे ते आहेत.

स्पर्धेबद्दल फार लिहीत नाही. २०२५ च्या बारावीच्या निकालात कोकण मंडळ ९६.७४ टक्क्यांनी राज्यात पहिलं होतं, राज्याचा निकाल ९१.८८ होता. पहिलं येणं ही इथली सवय झाली आहे. उत्तीर्णांची टक्केवारी म्हणजे ज्ञान नव्हे, हे मी वर्गात रोज पाहते, म्हणून त्या आकड्याचा झेंडा मी मिरवणार नाही. पण ज्या मुलांना तुम्ही मे महिन्यात राज्यात अव्वल म्हणून पेढे भरवता, त्यांना जूनमध्ये 'स्पर्धा माहीत नसलेली' म्हणणं हे काही मला पटत नाही.

आता आंब्याच्या पेट्यांकडे येते. त्या वाक्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या झाडाला मोहोर कधी येतो, का गळतो, फळात साका कशामुळे होतो, अवेळी पावसाने काय होतं, हे प्रश्न जीवशास्त्राचे, हवामानशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे आहेत, आणि त्यांची प्रयोगशाळा आपल्या अंगणात आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभं आहे. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून मासेमारीचं, मत्स्यपालनाचं शास्त्र शिकवतं. तिथे शिकणाऱ्याला समुद्र पाहायला सहलीला जावं लागत नाही. शहरात झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, आणि बऱ्याच रत्नागिरीकरांना तिथला देवमाशाचा सांगाडा तेवढा ठाऊक असतो. मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे उतरणारी मासळी, तिचा लिलाव, बर्फ, डिझेल, कर्ज हा अर्थशास्त्राचा अख्खा अभ्यासक्रम आहे. मच्छीमारांच्या घरातली मुलं माझ्या वर्गात बसतात आणि आपल्याला काही येत नाही असं समजतात, कारण आपल्याला येतं ते 'शिक्षण' आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि सडे, म्हणजे कातळाची पठारं. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू इथल्या कातळावर कोरलेली चित्रं पिढ्यान् पिढ्या गुराख्यांच्या पायाखाली होती. स्थानिक अभ्यासकांनी उन्हातान्हात सडे पालथे घातले, एकेक चित्र साफ केलं, नोंदवलं. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती कुणी, कधी, कशासाठी कोरली याची पक्की उत्तरं अजून शोधायची आहेत. इतिहास, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला एवढा मोठा न सुटलेला प्रश्न एस.टी.च्या पासावर गाठता येतो. पावसाळ्यात त्याच सड्यावर चार महिने जगणारी फुलं उगवतात, ती पाहायला दुरून माणसं येतात.

शिक्षणाच्या सोयी म्हणाल तर त्याही वाढल्या आहेत. मिरजोळ्याला फिनोलेक्सचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे. विद्यापीठाचा उपपरिसर आहे. संस्कृत विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. २०२३ पासून शंभर जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तीस वर्षांपूर्वी मुंबईला गेलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तीस वर्षांपूर्वीची रत्नागिरी असणार, हे मी समजू शकते. पण त्या रत्नागिरीबद्दलचा सल्ला आजच्या मुलांना देऊ नये.

माझ्या बोलण्याचा अर्थ कुणी बाहेर जाऊच नये असा घेतला तर तो माझ्यावर अन्याय होईल. जो विषय इथे नाही त्यासाठी जायलाच हवं. संख्याशास्त्रात जीव अडकलेल्या मुलाला, वास्तुकला शिकायची असलेल्या मुलीला मी स्वतः पुण्या-मुंबईचे पत्ते शोधून दिले आहेत. आणि आणखी एक कारण आहे, जे भाषणात येत नाही आणि मला सर्वांत मोठं वाटतं. काही घरांत मुलीला अभ्यासाला बसू देत नाहीत, काही वाड्यांत आडनाव ऐकून माणसाची जागा ठरते, काही मुलांना आपण कोण आहोत हे गावात कधी बोलता येणार नाही. त्यांच्यासाठी घर सोडणं हेच पहिलं शिक्षण असतं. अशी मुलगी माझ्याकडे आली की मी तिला रत्नागिरीचं कौतुक सांगत नाही. वसतिगृह निर्वाह भत्त्याच्या पंजाबराव देशमुख योजनेचा, स्वाधार योजनेचा अर्ज तिच्याबरोबर बसून भरते. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, हे कित्येक पालकांना आजही ठाऊक नसतं. सत्काराच्या भाषणात एवढी एक माहिती दिली असती तरी ती वह्यांपेक्षा जास्त कामाला आली असती.

म्हणून माझा वाद गावाच्या नावाशी नाही. आपण मुलाला कॉलेज शोधून देतो तेव्हा चुकीचे प्रश्न विचारतो, हा माझा वाद आहे. कट-ऑफ किती, पॅकेज किती, कुणाचा मुलगा कुठे गेला, एवढंच विचारतो. त्या विभागात कायम शिक्षक किती, आणि तासिका तत्त्वावर किती, हे विचारत नाही. प्रयोगशाळा कुलूप लावून ठेवतात की मुलांचे हात तिथे पोचतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून विचारत नाही. नव्या धोरणात मेजर विषयाबरोबर मायनर आणि खुले ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. जाहिरातीत यादी लांबलचक असते, पण यंदा खरोखर शिकवणार किती, हे कार्यालयात जाऊन विचारावं लागतं. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं. तरी पालक सायबर कॅफेतल्या माणसाने सुचवलेला पसंतीक्रम डोळे मिटून भरतात, आणि मग मुलगा आईला माहीतही नसलेल्या गावात चार वर्षं राहतो. कॉलेज एकदा चालू दिवशी, दुपारी, न सांगता जाऊन पाहावं. ग्रंथालयात कुणी बसलेलं दिसतं का ते बघावं. रत्नागिरीतलं कॉलेज असेल तरी हेच करावं. इथल्याही काही विभागांत वर्षानुवर्षं जागा भरलेल्या नाहीत, तिथे मी कुणाला पाठवणार नाही.

आणि आता शेवटचं वाक्य: मागे वळून बघू नका.

मी १९८८ साली बारावी झाले आणि पुण्याला गेले. रेल्वे तेव्हा आली नव्हती. रात्रीच्या एस.टी.ने गेले, वडील सोडायला आले होते. तिघींमध्ये एक खोली, वर्ग इंग्रजीत, बाकावरच्या मुली एकमेकींना शाळेपासून ओळखणाऱ्या. पहिल्या महिन्यात मी वर्गात एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या महिन्यात जेवण सुटलं. भौतिकशास्त्राच्या पहिल्या चाचणीत तीसपैकी चार गुण पडले. घरी पत्रं लिहिली त्यांत सगळं छान आहे असंच लिहिलं, कारण निघताना सगळ्या आळीनं मला पेढे दिले होते. दसऱ्याला घरी आले आणि आईच्या लक्षात आलं. मी परत गेले नाही. कुणी विचारलं तर वडील म्हणत, "नाही झेपलं. पुढे काय ते बघू." तेवढंच. ते वर्ष वाया गेलं. त्या वर्षात मी रोज नगर वाचनालयात जाऊन बसायची. १८२८ साली निघालेलं ते वाचनालय, तिथल्या जुन्या कपाटांतून मी हाताला लागेल ते वाचलं. पुढच्या जूनमध्ये रत्नागिरीतच प्रवेश घेतला. वर्गात शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात नाव विचारलं आणि दुसऱ्या आठवड्यात नावानं हाक मारली. मी आज शिकवते ती त्या हाकेमुळे.

हे माझं कौतुक म्हणून सांगत नाही. माझे वडील तसे होते म्हणून मी वाचले. दर वर्षी गणपतीला आणि दिवाळीला घरी आलेल्या मुलांकडे बघा, काहींची अवस्था तेव्हाच्या माझ्यासारखीच दिसेल. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने कॉलेज सोडणाऱ्या मुलांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याचं सांगणं असं की मुलं बुद्धी कमी पडते म्हणून सोडून जातात असं थोडंच असतं. त्या कॉलेजात आपण कुणाचेच नाही असं वाटतं, तेव्हा जातात. आणि आपलेपणाचा हा धागा जुळतो किंवा तुटतो तो पहिल्या वर्षी. म्हणून पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलाला माझं एवढंच सांगणं असतं: पहिल्या सहा आठवड्यांत एका तरी शिक्षकाला तासानंतर जाऊन भेट, प्रश्न मूर्ख वाटला तरी चालेल. एका कशात तरी नाव घाल, एन.एस.एस., नाटक, कबड्डी, काहीही. एखादा विषय राहून केटी लागली तर ती त्याच आठवड्यात घरी सांग. वरच्या वर्गातली मुलं त्रास देत असतील तर सोसू नको; महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आणि १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. कॉलेज सोडायचं ठरलं तर मूळ प्रमाणपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत, असं यूजीसीनं बजावलेलं आहे. आणि पूर्ण केलेल्या क्रेडिटांची नोंद आता तुझ्या नावाच्या खात्यात राहते.

पालकांना सांगायचं ते याहून कठीण आहे. मुलगा ऑक्टोबरात म्हणाला की मला परत यायचंय, तर पहिलं वाक्य 'लोक काय म्हणतील' हे नको. पैसे गेले, वर्ष गेलं, हे हिशेब नंतर करता येतात. परत येऊ न दिलेली मुलं मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल मी इथे अधिक लिहू शकत नाही.

गिरणीच्या काळातली विसरलेली बाजू ती हीच. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने नुसतं 'मुंबईला जा' म्हणून मुलाला बोटीत बसवलं नाही. लालबाग-परळला गावाच्या नावाच्या खोल्या होत्या. गावातला नवा माणूस उतरला की त्या खोलीत त्याला वळकटी पसरायला जागा मिळे. खानावळवाल्या बाईकडे त्याचं जेवण लागे. आजारी पडला तर खोलीतली माणसं त्याला बोटीवर बसवून गावी धाडत, आणि बरा झाला की तो परत येई. गावी परत येण्यात कुणाला लाज वाटत नसे, तो त्या व्यवस्थेचाच भाग होता. बाहेर पाठवण्याची जबाबदारी गावाने घेतली होती. आताचं मंडळ फूल देतं, छत्री देतं आणि मागे वळू नको म्हणतं. सत्काराच्या त्या अकरा जणांसाठी मुंबईत गावाची खोली कुठे आहे?

मंडळाकडे पैसा आहे, माणसं आहेत, ठाण्यात कार्यालय आहे. 'बाहेर पडा' म्हणायचा हक्क त्यांनी कमवावा असं मला मनापासून वाटतं. पुढच्या जूनच्या सत्काराला मी येणार आहे. यंदाच्या अकरांपैकी जे गेले ते कुठे राहिले, कुणाकडे जेवले, आणि ऑक्टोबरात त्यांना भेटायला मंडळातलं कोण गेलं होतं, हे मी तिथे उभी राहून विचारणार आहे.